आकडा मोठा होतो त्याची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२००५ साल. भारनियमनाचे दिवस. आई त्या वेळी पंचाहत्तरीच्या पुढची. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, पण काचबिंदूनं नजर पोखरलेली. रात्री दोन-तीनदा तिला जाग येई आणि अंधारातून हाक येई, ''अरे, किती वाजले?'' तिचे डोळ्यांत घालायचे थेंब बारा तासांच्या अंतरानं होते, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. वेळ चुकली तर डोळ्यातला दाब वाढतो, हे डॉक्टरांनी तिच्या मनावर इतकं बिंबवलं होतं, की सहा वाजायची वाट पाहण्यातच तिची रात्र सरायची.

भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ रात्री दिसत नव्हतं. उशाशी ठेवायला लाल आकड्यांचं छोटं घड्याळ आणलं, तर ते हातात घेऊन नाकाशी नेल्याशिवाय वाचता येईना. मग मी ठरवलं, की मोठ्या आकड्यांचं घड्याळ घरीच करायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लहानपणापासून होता. दोन रविवारांत काम होईल, असा अंदाज बांधला.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. अर्ध्या इंचाचे आकडे हवे तेवढे मिळत होते, अगदी डब्यातून मूठभर उचलावेत असे. एक इंचाचे दोन-तीन दुकानांत मिळाले. चार इंचाचे म्हटल्यावर मात्र दुकानदार मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत होते. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आकडा मोठा करणं एवढं अवघड का असावं? कागदावरचा आकडा मोठा करायचा तर पेन्सिल जरा जास्त फिरवली की झालं. उजेडाचा आकडा मोठा करायला काय लागतं? या प्रश्नामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच रंजक निघाला.

एलईडीच्या कितीतरी आधी विजेचे आकडे होते. फ्रँक वूड नावाच्या अमेरिकन माणसानं १९०८ साली एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१० साली ते त्याला मिळालं. कल्पना अशी, की दहा आकड्यांसाठी दहा वेगळी चित्रं कशाला? काही सरळ दांड्या मांडा, आणि हवा तो आकडा त्यातल्या काहीच दांड्या पेटवून दाखवा. वूडच्या मांडणीत दांड्या आठ होत्या, कारण इंग्रजी चारच्या आकड्याला तिरकी रेघ हवी, असा त्याचा आग्रह होता. पुढे लोकांनी ती तिरकी दांडी काढून टाकली, आणि आज आपण कॅलक्युलेटरवर पाहतो तो सात दांड्यांचा आकडा उरला. आडव्या तीन, उभ्या चार. १९१०च्या सुमारास एका वीजनिर्मिती केंद्राच्या बॉयलरघरात साध्या दिव्यांनी उजळणारे असे आकडे बसवल्याचीही नोंद आहे. म्हणजे आपण 'डिजिटल' म्हणून ज्याकडे पाहतो, ते आकड्याचं रूप कोळशाच्या भट्टीशेजारी वाढलेलं आहे.

दिव्यांनी आकडा मोठा करणं सोपं होतं. एका दांडीत चार दिवे पुरत नसतील तर आठ लावायचे. या पद्धतीचा सगळ्यात भव्य नमुना म्हणजे अमेरिकेतल्या केनेडी अंतराळ केंद्रातलं उलटमोजणीचं घड्याळ. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२च्या उड्डाणापासून ते वापरात आलं आणि २०१४ पर्यंत टिकलं. पत्रकारांच्या मैदानावर उभं असलेलं हे घड्याळ आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलेलं असेल. त्यातल्या प्रत्येक आकड्यासाठी चाळीस वॅटचे छप्पन्न दिवे होते, तेही वाण्याच्या दुकानात मिळतात तसे साधे. छप्पन्न गुणिले चाळीस करून पाहा, २२४० वॅट. आठचा एक आकडा पेटवायला दोन इस्त्र्यांइतकी वीज! भर उन्हात दिसायचं म्हणून एवढा खटाटोप होता, हे खरं. पण माणूस चंद्रावर नेणाऱ्यांनाही आकडा मोठा करायला वाण्याकडचे दिवेच लागले, याची मला गंमत वाटते.

विजेच्या फलकांवर आकडा केवढा हवा, एवढाच प्रश्न नसतो. आकडे किती हवेत, हाही असतो. १८ जुलै १९७६ रोजी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीनं असमान दांड्यांवरचा व्यायाम संपवला आणि फलकावर गुण झळकले, १.००. क्षणभर कुणालाच काही कळेना. तिला दहापैकी दहा मिळाले होते, पण फलकावर तीनच आकड्यांची सोय होती. परिपूर्ण दहा कुणाला मिळतील, असं फलक करवून घेणाऱ्यांना वाटलंच नव्हतं.

उजेड न वापरताही आकडे दाखवता येतात. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीचे खटखट पालटणाऱ्या पट्ट्यांचे फलक जगभरच्या स्थानकांवर आणि विमानतळांवर गेले. कॅनडात केनियन टेलर या इंजिनिअरनं १९६१च्या सुमारास चुंबकानं उलटणाऱ्या रंगीत चकत्यांचा फलक केला आणि तो माँट्रियलच्या शेअर बाजारात लागला. हे सगळं यंत्रकाम सुरेख होतं, पण रात्रीच्या अंधारात माझ्या आईला त्याचा काही उपयोग नव्हता. आणि तो खटखटाट झोपेच्या खोलीत कोण ऐकून घेणार?

प्रयोगशाळांना मात्र लहान, झटपट बदलणारा, स्वतःच्या उजेडाचा आकडा हवा होता. १९५५ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीनं 'निक्सी' नळी बाजारात आणली. काचेच्या नळीत निऑन वायू, आणि आत शून्य ते नऊ अशा आकारात वळवलेल्या दहा तारा एकामागे एक उभ्या केलेल्या. ज्या तारेला वीज द्याल तिच्याभोवती नारिंगी झळाळी येते. दहाही तारा वेगवेगळ्या खोलीवर असल्यानं आकडा बदलला की तो किंचित पुढे-मागे सरकल्यासारखा दिसतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलंय त्यांना ते विसरता येत नाही. सोव्हिएत संघात अशा नळ्या १९८०च्या दशकापर्यंत बनत होत्या, आणि तिथला जुना साठा आजही जगभरचे हौशी लोक घड्याळांसाठी विकत घेतात. अडचण एकच. तिला दीडशेच्या वर, बहुधा १७० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. आईच्या उशाशी हे नको, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता एलईडी. तिचा जन्म नेमका कधीचा, हे सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. १९०७ साली मार्कोनी कंपनीत काम करणाऱ्या एच. जे. राउंड यांना कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या दगडातल्या कठीण पदार्थाच्या स्फटिकातून वीज सोडताना अंधुक उजेड दिसला. त्यांनी एका मासिकाला छोटंसं टिपण पाठवलं आणि विषय तिथंच राहिला. १९२०च्या दशकात रशियात ओलेग लोसेव या तरुण तंत्रज्ञानं तोच उजेड पुन्हा पाहिला आणि वर्षानुवर्षं त्याचा नीट अभ्यास केला. हा उजेड तापल्यामुळे येत नाही, हे त्यानं ताडलं होतं. जानेवारी १९४२ मध्ये, लेनिनग्राडच्या वेढ्यात, उपासमारीनं तो गेला. वय अडतीस. एलईडीच्या इतिहासात त्याचं नाव आता सगळे घेतात, पण ते घेतलं जायला निम्मं शतक जावं लागलं.

डोळ्यांना दिसणारा, कामाला येईल असा लाल उजेड ९ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी मिळवला. खाणकामगाराचा हा मुलगा. गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्र स्फटिकातून त्यांनी तो उजेड काढला. एक दिवस हे दिवे बल्बची जागा घेतील, असं त्यांनी लगोलग १९६३ मध्ये सांगूनही टाकलं. त्या वेळी कंपनी अशी एक एलईडी २६० डॉलरला विकत होती! २०१४ चं नोबेल निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, तेव्हा लाल एलईडीची आठवण कुणी ठेवली नाही याचं वाईट वाटल्याचं होलोन्याक यांनी लपवलं नाही. २०२२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. मला विचाराल तर त्यांची तक्रार रास्त होती.

२६० डॉलरच्या दिव्यानं मोठा आकडा कोण करणार? १९६८ मध्ये मोन्सँटो कंपनीनं एलईडीचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि भाव उतरू लागले. तरी स्फटिक महागच होता. पावाच्या लादीसारखी त्याची चकती कापून चिप काढायची. जेवढा आकडा मोठा, तेवढी चकती जास्त. म्हणून पहिले एलईडी आकडे इतके चिमुकले निघाले, की ते वाचायला भिंग लागावं. आणि खरोखरच भिंग लावलंही. १९७२ साली आलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-३५ या ३९५ डॉलरच्या कॅलक्युलेटरमध्ये प्रत्येक आकड्यावर प्लॅस्टिकच्या भिंगाचा फुगा होता. समोरून पाहिलं तर आकडा मोठा, जरा तिरकं पाहिलं की गायब. त्याच वर्षी हॅमिल्टनचं पल्सर हे सोन्याचं मनगटी घड्याळ २१०० डॉलरना विक्रीला आलं. त्यात वेळ सतत दिसत नसे. बॅटरी संपू नये म्हणून बटण दाबल्यावर क्षणभरच लाल आकडे उजळत. म्हणजे वेळ पाहायला दोन्ही हात मोकळे हवेत. हातात पिशवी असेल तर दुसऱ्याला विचारा! चार-पाच वर्षांत अशी घड्याळं प्लॅस्टिकच्या डबीत वीस डॉलरला मिळू लागली, आणि त्यानंतर लवकरच द्रवस्फटिकाच्या करड्या आकड्यांनी त्यांना मनगटावरून हुसकावलं.

आकडा मोठा करण्याची खरी युक्ती निघाली ती याच काळात, आणि ती इतकी साधी आहे, की पहिल्यांदा कळली तेव्हा मी हसलो होतो. चिप मोठी करायचीच नाही. दांडीच्या तळाशी मोहरीएवढी चिप ठेवायची, तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचं उतरत्या भिंतींचं खोबण करायचं आणि वरून दुधट राळ ओतायची. उजेड आत आपटत, पसरत वर येतो आणि सगळी दांडीच पेटल्यासारखी दिसते. समईच्या एका वातीनं सगळा देव्हारा उजळावा, तसं. बाजारात मिळणारा अर्ध्या इंचाचा आकडा उलटा करून पाहा. आत पोकळीच पोकळी असते, आणि पैसे आपण बहुतेक प्लॅस्टिकचे देतो.

पण ही युक्ती एक इंचाच्या आसपास दमते. त्यापुढे एका चिपचा उजेड दांडीच्या टोकाला पोचेपर्यंत फिका पडतो. मग एका दांडीत दोन, चार, पाच चिप लागतात. इथंच हौशी माणसाची फजिती सुरू होते, आणि माझीही तशीच झाली.

त्याआधी थोडं आपल्याकडचं. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीची एलईडीच्या आकड्यांशी ओळख झाली ती एसटीडी-पीसीओच्या बूथमध्ये. काचेच्या खोक्यात आपण रिसीव्हर कानाला लावून उभे, आणि समोर लाल आकड्यांत वाढत जाणारे रुपये. आकडा पळू लागला की बोलणं आवरतं घ्यायचं. रात्री दर उतरले की बूथबाहेर रांगा लागत. तो आकडा गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर होता, म्हणूनच त्या धंद्यावर लोकांचा विश्वास बसला, असं माझं मत आहे. वहीत लिहिलेल्या हिशेबावर वाद होतो, दोघांनाही एकाच वेळी दिसणाऱ्या आकड्यावर तो होत नाही. पुढे मुंबईच्या लोकल स्थानकांवरचे दर्शक आले, सिग्नलवर उलटे सेकंद मोजणारे आकडे आले, आणि २०१२च्या सुमारास मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सींचे खाली पाडायचे यांत्रिक मीटर जाऊन लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. रिक्षात बसलेल्या म्हातारीला स्वतःच्या डोळ्यांनी भाडं वाचता येतं की नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तर माझं घड्याळ. चार इंचाचे चार आकडे शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात मिळाले. भाव ऐकून अर्ध्या इंचाचे शंभर घ्यावेत असं वाटलं, पण घेतले. घरी आणून पाच व्होल्टच्या पुरवठ्याला जोडले. काही नाही. दुसरा जोडला. काही नाही. चारही मेलेले! दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेलो. दुकानदारानं वाद घातला नाही. त्यानं काउंटरवरची बारा व्होल्टची बॅटरी ओढली, एक रोधक मध्ये धरला आणि टोक लावलं. दांडी लखकन पेटली. ''साहेब, हिच्या पोटात पाच दिवे आहेत एकामागे एक. पाच व्होल्टात काय होणार?''

शाळेतलं गणित मी विसरलो होतो. एक लाल एलईडी सुमारे दोन व्होल्ट खाते. पाच जणी माळेत असतील तर दहा व्होल्ट मिळाल्याशिवाय एकही पेटत नाही. साडेनऊ दिले तरी अंधुकच. म्हणून बारा व्होल्ट द्यायचे, उरलेले दोन व्होल्ट रोधकानं खायचे. वीस मिलिअँपियर हवे असतील तर रोधक शंभर ओहमचा. चार आकडे, प्रत्येकी सात दांड्या, सगळ्या पेटल्या तरी एकूण पाऊण अँपियरच्या आत, म्हणजे सात वॅटही नाही. केनेडी केंद्रातल्या एका आकड्याचे २२४० वॅट इथं आठवावेत.

अशा दांड्या पेटवायला ७४४७ नावाची एक जुनी चिप असते. तिला द्विमान पद्धतीनं आकडा सांगितला की ती योग्य त्या दांड्या जमिनीला जोडते. तिचे पाय पंधरा व्होल्टपर्यंत सोसतात, हे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि तेच न वाचल्यामुळे बरेच लोक उगाच मध्ये ट्रान्झिस्टरची फौज उभी करतात. मीही अठ्ठावीस ट्रान्झिस्टर विकत आणले होते. ते अजून डब्यात आहेत.

तयार आकडे मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, तेव्हा लोक ते स्वतः करतात. आमच्या सोसायटीच्या मुलांनी त्या वर्षी कबड्डीच्या सामन्यांसाठी गुणफलक मागितला, तेव्हा मीही केला. सनबोर्डवर पेन्सिलीनं हातभर उंचीचा आठ काढायचा, दांड्यांवर सारख्या अंतरानं पाच मिलिमीटरची भोकं पाडायची, भोकात एलईडी खोचून मागून माळा जोडायच्या. एक ध्यानात ठेवावं लागतं. सगळ्या दांड्यांत दिव्यांची संख्या सारखी ठेवावी, नाहीतर उभ्या दांड्या उजळ आणि आडव्या फिक्या दिसतात. स्वस्तात मिळणाऱ्या स्वच्छ काचेच्या एलईडी समोरून डोळे दिपवतात आणि बाजूनं दिसतच नाहीत. मैदानात प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसतात. तेव्हा दुधट डोक्याच्या घ्याव्यात, किंवा स्वच्छ असतील तर त्यांची डोकी सँडपेपरनं घासावीत. आम्ही घासली. दीडशेच्या वर एलईडी, सहा मुलं, एक दुपार. अंतिम सामन्यात गुणांवरून तंटा झाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तंटा झालाच, पण तो पंचाशी झाला, फलकाशी नाही.

आकड्याची उंची केवढी हवी, याचं एक चांगलं मोजमाप डोळ्यांच्या दवाखान्यात टांगलेलं असतं. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर जवळपास नऊ सेंटिमीटरचं असतं. निरोगी डोळ्याला ते साठ मीटरवरून वाचता यावं, अशी त्याची आखणी आहे. आईला सहा मीटरवरून फक्त तेवढंच अक्षर दिसे. डॉक्टर त्याला सहा-साठ म्हणतात. या हिशेबानं अर्ध्या इंचाचा आकडा तिला तीन फुटांच्याही आतून दिसणार, तर चार इंचाचा जवळपास सात मीटरवरून. पलंगापासून भिंत साडेतीन मीटरवर होती. म्हणजे दुपटीची सोय. अंदाजानं मागितलेले चार इंच बरोबर निघाले. पुष्कळदा असं होत नाही.

पहिल्या रात्री घड्याळ लावलं आणि सगळी खोली लाल झाली. ''अरे, हे काय, स्टुडिओ केलास का?'' आई म्हणाली. मग उजेड ओळखणारा एक छोटा रोधक बसवून रात्री आकडे मंद होतील अशी व्यवस्था केली. शेजारच्यांनी निळे आकडे लाव, छान दिसतात, असं सुचवलं होतं. नाकामुरांनी १९९३ मध्ये झगझगीत निळी एलईडी जाहीर केल्यापासून सगळ्यांनाच निळ्याचं वेड लागलं. पण निळा उजेड डोळ्यात नीट एकवटत नाही, अंधारात त्याच्या कडा फिसकटतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लालच बरा.

दुसरी अडचण वेळेची. माझं पहिलं घड्याळ विजेच्या मेन्सवरच चालत होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ते मोजून सेकंद करायचा. युक्ती जुनी आहे, पण तिच्यात विजेवर फार विश्वास टाकलेला आहे. १९९०च्या दशकात ही वारंवारता आपल्याकडे बरीच खाली-वर होई. दिवसभर ती पन्नासऐवजी एकोणपन्नास राहिली, तर घड्याळ दिवसाला जवळपास अर्धा तास मागे पडतं. २००५ पर्यंत ते पुष्कळ सुधारलं होतं. पण वीज गेली की घड्याळ सगळंच विसरत होतं, आणि परत आली की शून्यापासून सुरू. आई दुपारी अंदाजानं वेळ धरायला लागली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मग दुसरी आवृत्ती. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालणारी आणि नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ सांभाळणारी डीएस१३०७ ही चिप, हुकूम द्यायला ८९सी२०५१ हा छोटा मायक्रोकंट्रोलर, आणि दांड्या पेटवायला यूएलएन२००३. या शेवटच्या चिपमध्ये नेमके सात स्विच असतात. आकड्यात सात दांड्या. ती आकड्यांसाठी बनवलेली नाही, पण हौशी माणसाला असा योगायोग मनापासून आवडतो. आकडे एकामागून एक झपाट्यानं पेटवून तारा वाचवण्याची पद्धत मी मुद्दाम टाळली. तिच्यात प्रत्येक आकडा पाव वेळच पेटतो, आणि लहान आकड्यांना ते खपतं, पण मोठ्यांना फिकं करतं.

आता हे सगळं सोपं झालंय. २००५ मध्येच इटलीतल्या इव्रिया गावात आर्दुइनो जन्माला आलं, आणि पुढे प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असलेल्या एलईडी पट्ट्या आल्या. तीन तारा जोडल्या की शंभर दिव्यांतला हवा तो, हव्या त्या रंगात पेटतो. पट्टी कापायची, सनबोर्डच्या पन्हळीत चिकटवायची, वर ट्रेसिंग पेपर. फूटभर उंचीचा आकडा शाळकरी मुलगी एका दिवसात करते. दुकानदाराची बॅटरी आणि शंभर ओहम आता कुणाला लागत नाहीत.

पण एक प्रश्न पट्टीनंही सुटत नाही, आणि तो मला आईनं शिकवला. पहिल्या घड्याळातली ७४४७ चिप इंग्रजी सहाचा आकडा वरच्या आडव्या दांडीशिवाय काढत होती. नऊही तसाच, खालच्या दांडीशिवाय. आई म्हणाली, ''हा सहा बोडका का रे?'' तिला तर आपला देवनागरी सहा हवा होता. तो सात दांड्यांत बसत नाही, त्याला ठिपक्यांची जाळी लागते, हे तिला समजावून सांगितलं. ''म्हणजे साहेबांचेच आकडे बसतात होय!'' एवढं म्हणून तिनं तो विषय सोडला. दुसऱ्या घड्याळात आकड्यांचे आकार माझ्या हातात होते. मी मोठ्या हौसेनं सहाला टोपी घातली.

चौथ्या दिवशी पहाटे ती धडपडत उठली. आठ वाजून गेले, थेंब राहिले, म्हणून. वाजले होते सहा.

कागद घेऊन बसलो. टोपीवाल्या सहात आणि आठात फरक एकाच दांडीचा. टोपीवाल्या सहात आणि पाचातही एकाच दांडीचा. बोडक्या सहाचा मात्र दोघांपासूनही दोन-दोन दांड्यांचा. धूसर नजरेला एक दांडी हरवते, दोन हरवत नाहीत. १९७०च्या आसपास ज्यांनी ती चिप आखली त्यांच्या मनात हे होतं की नव्हतं कोण जाणे. मी त्याच दिवशी सहाची टोपी काढली. नऊचं मात्र अडलं. शेपूट काढावं तर तो चारसारखा दिसतो, ठेवावं तर आठसारखा. आईलाच विचारलं. ती म्हणाली, ''नऊला मी जागीच असते. सहाचं तेवढं बघ.''